सांधा क्रमांक नऊ

३ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचे. सामानवाल्याने कपाटाचा एक पाय मोडला आणि वर मलाच ऐकवलं की ते आधीपासून लंगडंच होतं. असो. आज कुणाशी भांडायचं नाही असं ठरवलंय, इतकी मी खूष आहे. या गावात गेली नऊ वर्षं वीज गेलेली नाही. एक मिनिटसुद्धा नाही. घरमालकीण काकूंना विचारलं, मेणबत्त्या कुठे मिळतील, तर त्या विचारात पडल्या आणि म्हणाल्या, कुणाचा वाढदिवस आहे का?

माझ्यासारखीला हा स्वर्गच. धाकट्या भावाचे स्नायू गेली सहा वर्षं एकेक करून संपावर जातायत आणि दोन वर्षांपासून छातीचेही गेले. गळ्यात नळी, नळीला यंत्र, यंत्राला प्लग. मिनिटाला चौदा श्वास, ना एक कमी ना एक जास्त. बॅटरी चार तास पुरते. आधीच्या गावात वीज गेली की मी पलंगाच्या कडेला बसून घड्याळाकडे बघायचे आणि हा मला विनोद सांगायचा. मेल्याला हसू यायचं, मला घाम.

याला मी राजे म्हणते, कारण झोपल्या जागी हुकूम सोडतो. यंत्र श्वास देतं त्या बेतानेच त्याला बोलावं लागतं. तीन-चार शब्द, मग थांबणं, मग पुन्हा तीन-चार. तळमजल्यावरची रस्त्याकडेची खोली बघून राजे म्हणाले की खिडकी उत्तम आहे, गल्लीतली भांडणं फुकट बघायला मिळतील. पायरीपाशी एक लोखंडी झाकण आहे, त्यावर ९ आकडा. माझ्याच केबलचा सांधा माझ्याच दारात. याला म्हणतात घरबसल्या नोकरी.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला दिवस. उपकेंद्राच्या मागे एकच खोली आहे, पडदा आहे, खुर्ची आहे आणि मी आहे. सकाळी आठ ते चार. नंतर सूचना मोबाइलवर येतात.

काम काय, ते राजेंना समजावलं तसंच इथे लिहिते. जमिनीखालून जाणाऱ्या जाड केबलच्या आवरणात कुठे बारीकशी पोकळी राहिली, की तिथे आतल्या आत ठिणग्या उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, कानांना ऐकू येत नाहीत. पण त्या आवरण खातात, आणि एक दिवस केबल फुटते आणि अर्धं गाव अंधारात जातं. आमची यंत्रं या ठिणग्या मोजतात आणि किती मीटरवर उडतायत तेही सांगतात. चार किलोमीटर केबल, चौदा सांधे. पोकळी राहते ती बहुतेक सांध्यातच. प्रत्येक सांध्याला एक मर्यादा लावलेली. आकडा तिच्यावर गेला की ठिपका पिवळा, मग लाल. फुटायच्या आधी कळलं की वेळेत दुरुस्ती करता येते. मला हे काम मनापासून आवडतं. दुखण्याआधी दुखणं ओळखायचं, दुसरं काय.

साहेब गोड बोलतात. केबल जोडणारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. साठीला आलेत, हाताची दोन बोटं भाजून वाकडी झालेली, बोलणं मोजून-मापून. माझ्या आधीचा माणूस डिसेंबरात निवृत्त झाला, गावातच राहतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सहा नंबरचा सांधा पिवळा झाला. मी लगेच मामांना निरोप धाडला, उघडून बघू या. साहेब स्वतः आले. म्हणाले की इथे पद्धत वेगळी आहे. सांधा पिवळा झाला की त्याची मर्यादा वाढवायची, ठिपका हिरवा होतो, आणि नोंदवहीत लिहायचं, ‘निरीक्षणाखाली’. चार-पाच दिवसांत तो आपोआप बरा होतो. मी म्हटलं, ताप आला म्हणून थर्मामीटरवरचे आकडे खोडायचे का? ते हसले आणि नऊ वर्षांचा हिशेब भिंतीवरच्या फलकावर दाखवला. खंडित पुरवठा, शून्य मिनिटं.

नव्या नवरीने पहिल्याच आठवड्यात सासूला शिकवू नये. वाढवली मर्यादा.

एक गंमत मात्र दिसली. ठिणग्या सलग येत नाहीत, लाटेसारख्या येतात. लाट भरते, ओसरते, थोडी थांबते, पुन्हा भरते. मिनिटाला सतरा-अठरा. दोन वर्षं कुणाचे तरी श्वास मोजत काढली की सगळीकडे तेच दिसतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

मोबाइल दिवसभर बोंबलतोय. दारातल्या नऊ नंबरवरून ट्रक गेला की सूचना, पाण्याचा टँकर गेला की सूचना. खोटे इशारे नुसते. राजे दचकतात, दचकले की यंत्राशी ताल चुकतो आणि मग यंत्रही बोंबलतं. शेवटी नऊची मर्यादा बरीच वर नेऊन ठेवली, सहा नंबर सोडला तर सगळ्यांत वर. आपल्याच दारातला सांधा, काही झालं तर आपल्याला कळेलच की.

संध्याकाळ छान गेली. काकू दिवसा राजेंजवळ बसायला तयार आहेत. नळीतला कफ ओढून घ्यायचं यंत्र त्यांनी दोन वेळा बघितलं आणि तिसऱ्या वेळी स्वतः केलं. देव भेटला म्हणायचं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सहा नंबर बरा झाला.

सकाळी लाटा घाईने येत होत्या, मिनिटाला तीस, पस्तीस. मग सुट्या-सुट्या झाल्या. मग एक मोठी. बराच वेळ काही नाही. मग आणखी एक, आणि नंतर सरळ रेघ. दहा वाजून वीस मिनिटं. साहेबांनी डोकावून अंगठा दाखवला. सहाची मर्यादा मी पुन्हा पूर्वीच्या जागी आणली.

चार वाजता घरी जाताना सहा नंबरच्या झाकणाभोवती गर्दी. तिथे शिंप्याचं दुकान आहे, राजेंच्या उशीचे अभ्रे मी तिथेच टाकले होते. शिंपी गेला. आठवडाभर धाप लागत होती म्हणे. मशीनवरच मान टाकली. किती वाजता, ते मी विचारलं. विचारायला नको होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जुनी नोंदवही काढली. नऊ वर्षांत ‘निरीक्षणाखाली’ एकतीस वेळा, आणि प्रत्येकापुढे ‘आपोआप बरा’. मामांना दाखवली. त्यांनी वही हातात घेतलीच नाही. तारखा मी वाचत गेले आणि ते भिंतीकडे बघत सांगत गेले. तीन नंबर, मास्तरांची आई. अकरा नंबर, बेकरीवाला. पाच नंबर, बाळंतीण. एकतीसच्या एकतीस.

मी म्हटलं, योगायोग. मामा म्हणाले की त्यांनीही पहिली दोन वर्षं तेच म्हटलं.

शिंप्याची मर्यादा माझ्या बोटाने वाढली होती.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ठिपका हिरवाच होता. मर्यादा इतकी वर, पिवळा कशाने होणार? मी सहज आकडे चाळले आणि नऊ नंबरवर लाटा दिसल्या.

मोजल्या. चौदा. पुढच्या मिनिटाला मोजल्या. चौदा. माणसाचा श्वास असा चालत नाही, तो कमी-जास्त होतो, उसासा येतो, जांभई येते. तासभर मोजलं. चौदा, चौदा, चौदा.

असा श्वास या गल्लीत एकच जण घेतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नऊची मर्यादा खाली आणायला गेले. येत नाही. चालू आकड्यापेक्षा कमी मर्यादा ही प्रणाली घेतच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मामांचे पाय धरायचे बाकी ठेवले. शेवटी साहेबांना न विचारता त्यांनी सांधा उघडला. घराला दुसऱ्या बाजूने वीज दिली, केबलचा तेवढा तुकडा बंद केला, दोन्ही टोकं जमिनीला जोडली. खड्ड्यात उतरून आवरण सोलून त्यांनी मला दाखवलं. स्वच्छ. ना डाग, ना पोकळी. कालच बसवल्यासारखा.

आणि मोबाइलवर, बंद केबलमध्ये, चौदा.

वीज नव्हती तिच्यात. मी स्वतः तपासलं. ठिणगी उडणार कशाने? मामांनी सांधा परत बांधला. सगळा वेळ त्यांनी खिडकीकडे पाठ ठेवली. आतून राजे विचारत होते की खजिना सापडला का.

१६ फेब्रुवारी, रविवार

राजेंनी आज एकही हुकूम सोडला नाही. मी खोदून विचारलं तेव्हा बोलले. म्हणाले, ताई, हा श्वास उष्टा लागतो. आधी कुणीतरी घेतं आणि मग उरलेला मला मिळतो.

मी म्हटलं, फिल्टर बदलायला झाला असेल. बदलला. नळ्या बदलल्या. न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

डॉक्टर आले. यंत्र ठीक आहे म्हणाले, छातीही ठीक आहे. रक्तातला प्राणवायू मोजणारा बोटाचा चिमटा एरवी सत्त्याण्णव दाखवतो, आज एक्क्याण्णव. त्याला कारण सापडेना. इस्पितळात न्यायचं तर तेही याच केबलवर आहे. बाहेरगावी न्यायला प्रवासाचं यंत्र लागतं, ते शुक्रवारी येईल.

शिंपी पाचव्या दिवशी गेला. आज इथे तिसरा आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

माझ्या आधीच्या माणसाकडे गेले. कुंड्यांना पाणी घालत होता. मला बघून दचकला नाही, वाट बघत असावा.

सगळं सांगितलं त्याने, अगदी शांतपणे. ते काय आहे, त्याला माहीत नाही. ते केबलमध्ये फिरतं, आणि ज्या सांध्याची मर्यादा सर्वांत वर असेल तिथे जाऊन बसतं. बसायला जागा मिळाली की वरचं एक माणूस घेऊन काही महिने निजतं; पण तेवढ्यात दुसरी वर नेलेली मर्यादा सापडली तर लगेच उठतं. जागा नाही मिळाली तर केबल फोडतं. नऊ वर्षांपूर्वी कुणीच मर्यादा वाढवली नव्हती, केबल फुटली, इस्पितळ सहा तास अंधारात होतं. अकरा जण गेले. त्यानंतर तो निवड करायला लागला. म्हातारी, आजारी, जी जाणारच होती ती. मी विचारलं, बाळंतीण? म्हणाला की त्या सांध्यावर तिची सासू असते अशी त्याची समजूत होती.

मग त्याने खाली बघून म्हटलं की या वेळी निवड नकळत बरी झाली. पोराचीही सुटका होईल.

त्याची झारी मी भिंतीवर फेकली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाची वस्तू फोडली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांसमोर आरडाओरडा केला. त्यांनी दार लावून घेतलं, पाणी दिलं. त्यांना सगळं ठाऊक आहे. इस्पितळात आज छत्तीस जण यंत्रांवर आहेत, असं ते म्हणाले. एका बाजूला छत्तीस आणि एका बाजूला एक, तुम्हीच सांगा. हवी तेवढी रजा घ्या. शेवटी असं म्हणाले, त्याच्याजवळ बसा.

चिमटा — सत्त्याऐंशी. ओठ सावळे पडलेत. यंत्र सगळं बरोबर दाखवतंय. चौदा. छाती पूर्वीइतकी वर येत नाही.

सांध्यांवर घरंच घरं आहेत. कुणाच्या दारात पाठवू?

१९ फेब्रुवारी, बुधवार

खरं लिहिते. चार नंबरवर साहेबांचं घर आहे. सकाळी चारची मर्यादा उघडली, आकडा टाकला, नऊपेक्षा वर. फक्त होकाराचं बटण दाबायचं होतं. बोट ठेवलं होतं.

तिथे साहेब एकटे राहत नाहीत. दोन मुली आहेत, आठवीतली आणि पाचवीतली. ते कुणाला घेईल ते ठरवता येत नाही —

मी देवमाणूस नाही. घरी साहेब एकटे असते तर दाबलं असतं.

चिमटा त्र्याऐंशी. राजे बोलत नाहीत आता. बोट धरून ठेवतात. काकू सारख्या विचारतायत, बाई, काय झालं याला. काय सांगू.

प्रवासाचं यंत्र शुक्रवारी. शुक्रवारपर्यंत —

एक सांधा घराखाली नाही. एक नंबर. केबल उपकेंद्रातून निघते तिथेच, अकरा मीटरवर. त्याच्यावर खोली आहे, पडदा आहे, खुर्ची आहे.

आज राजेंची दाढी केली. कानामागे साबण राहिला, त्याने डोळ्यांनीच सांगितलं. पुसला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

८.१०. आले. उपकेंद्राच्या शिपायाला पलीकडे पाठवलं, दार आतून लावलं. इथे दुसरं कुणी नको.

८.२५. एक नंबरची मर्यादा नऊच्या वर नेली. होकार दाबला.

८.४०. काही नाही. नऊवर चौदा.

९.०५. नऊवर सरळ रेघ —

सरळ रेघ म्हणजे —

काकू फोन उचलत नाहीत —

९.१२. उचलला. कफ काढत होत्या म्हणून उशीर. चिमटा नव्वद. आता ब्याण्णव. ओठ लाल होतायत म्हणतात. खिडकी उघडा म्हणून हुकूम सोडलाय.

रडून घेतलं. नऊची मर्यादा लगेच खाली आणली, तळाशी. आता प्रणालीने घेतली. माझ्यानंतर इथे जो बसेल त्याने नऊला हात लावू नये. कुठल्याच सांध्याला लावू नये — पण मग छत्तीस जण — मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. मी एकालाच वाचवलंय आणि तेवढंच मला जमलं.

९.३०. एकवर आलं. लाटा. वीस, बावीस. श्वास रोखून धरला. पडद्यावर रेघ सरळ झाली. सोडला, लाट उठली.

१०.००. इथे घाईत आहे ते. शिंप्याला चार दिवस मिळाले होते. आकडा दर मिनिटाला वर. हवा येते पण भरत नाही. उष्टी. राजे खरं बोलत होते.

१०.२०. रिक्षाने घरी जाऊन बघितलं. पायरीपर्यंतच गेले, आत नाही. माझ्याबरोबर आलं तर? खिडकीतून दिसला. झोपलाय. परत आले. खोलीत पोचेपर्यंत तीनदा बसले.

१०.५०. काकूंसाठी. मामा ही वही तुम्हाला देतील. पुढचं शांतपणे वाचा.

फिल्टर दर दोन दिवसांनी. जुना धुऊन लावायचा नाही.

नळीत पाणी साचतं. ते पलंगाकडे जाऊ द्यायचं नाही — आधी नळी खाली धरायची, मग सोडवायची.

कफ काढताना दहा आकड्यांच्या वर थांबायचं नाही. स्वतःचा श्वास रोखून धरा — तुम्हाला गुदमरलं की त्यालाही —

दर दोन तासांनी कुशी बदलायची. तो नको म्हणेल. ऐकायचं नाही.

उद्या प्रवासाचं यंत्र आलं की त्याला इथून हलवा. विचारेल मी कुठे — खोटं बोलू नका, त्याला कळतं. ताई कामावर

चौतीस. पस्तीस.

रात्री डाव्या कुशीवर झोपवलं की नळी ओढली जाते, म्हणून खांद्याखाली छोटी उशी — निळी नाही, ती मऊ आहे — दुसरी — आणि मान जराशी